अंगठी ड्रॉवरमध्ये का गेली?

या वेळचं पत्र एका वाचक मैत्रिणीचं आहे, नाव देऊ नका म्हणालीये. थोडं कापून देतेय.

"ताई, माझा नवरा ३१ वर्षांचा आहे, पहिल्यांदाच नॅचरल बॉडीबिल्डिंगच्या शोमध्ये उतरतोय. डाएट सुरू होऊन १५ आठवडे झाले, अजून ५ बाकी आहेत. ८४ किलोचा ७१ झालाय, त्यातले ४ किलो तर गेल्या ३ आठवड्यांतच गेले. आम्ही सगळे पंखा लावून बसतो आणि हा स्वेटर घालून. घड्याळात झोपेतला पल्स ३९ दाखवतो. रात्री ३ वाजता उठतो आणि मोबाईलवर स्वयंपाकाचे व्हिडिओ बघत बसतो, आणि त्यातलं काही तो खाणारच नाहीये. पीनट बटरची बरणी काट्यावर ठेवून चमच्याने काढतो, आणि मी त्यातलं अर्धा चमचा घेतलं म्हणून परवा माझ्यावर ओरडला. दोन महिने झाले, माझ्या जवळही येत नाही. आणि मागच्या आठवड्यात मला त्याची लग्नाची अंगठी ड्रॉवरमध्ये सापडली. कोच म्हणतो हे सगळं नॉर्मल आहे. शेवटच्या दोन दिवसांत पाणीही बंद करायचंय म्हणे. माझं काही चुकतंय का? दुसरं कोणी आहे का? त्याला थांबवू का?"

अगं, आधी अंगठीचंच सांगते, कारण बाकीचं सगळं तू दात-ओठ खाऊन सहन केलंयस आणि अंगठीपाशी येऊन तुझा धीर सुटलाय हे पत्रातच दिसतंय. प्रेपच्या, म्हणजे शोच्या तयारीच्या, शेवटी शेवटी बोटं बारीक होतात. खरंच होतात. बूट सैल होतात, घड्याळाचा पट्टा दोन भोकं आत जातो, आणि अंगठी जिममध्ये घामाने सटकते. माझी डंबेलच्या रॅकमागे पडली होती, दोन दिवस लोक मला रॅकखाली वाकून बघताना बघत होते. मग मीही काढून ठेवली, आणि घरी सांगायचं डोक्यातच आलं नाही कारण तेव्हा डोक्यात पुढच्या जेवणाशिवाय काही येतच नव्हतं. तर त्याला फक्त एवढंच विचार, "सैल झाली का रे?" दुसरं कोणी असेल की नाही याची गॅरंटी मी कशी देणार, पण जो माणूस ३ वाजता उठून पराठे लाटताना बघतोय त्याच्यात लफडं करण्याइतकी ताकद शिल्लक असेल असं मला वाटत नाही.

मी स्वतः दोनदा स्टेजवर गेलेय आणि नंतर काही वर्षं इतरांची प्रेप केलीये, डॉक्टर नाहीये, तेवढं लक्षात ठेवून वाच.

नॅचरल या शब्दाने घरच्यांची फसगत होते. आपल्याला वाटतं नॅचरल म्हणजे सेफ, हेल्दी, आयुर्वेदिक टाइप काहीतरी. त्याचा अर्थ फक्त एवढाच की बंदी असलेली औषधं घेतलेली नाहीत, आणि ते लघवीच्या टेस्टने, काही संघटनांमध्ये तर चक्क पॉलिग्राफ लावून तपासतात. बाकी शरीरावर पडणारा ताण तोच. उलट एका बाबतीत जास्तच, कारण जो बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतो त्याचं स्वतःचं बनणं बंद पडलं तरी सुईतून येतच असतं, त्यामुळे उपाशी असतानाही त्याचे मसल बऱ्यापैकी टिकतात. तुझ्या नवऱ्याकडे ती उशी नाही. त्याच्या शरीराला जे परवडेल तेच चालू राहणार, आणि आत्ता त्याला फार कमी परवडतंय.

म्हणजे काय ते सांगते. शरीराला शो वगैरे काही माहीत नसतं. त्याच्या हिशोबाने बाहेर दुष्काळ पडलाय. चरबीच्या पेशींमधून लेप्टिन नावाचं हॉर्मोन येतं, साठा किती आहे ते मेंदूला कळवणारं, आणि साठा संपत आला की लेप्टिन घसरतं आणि मेंदू एकेक बटण बंद करायला लागतो. सगळ्यात आधी ज्याच्याशिवाय चार महिने निघू शकतात ते. थायरॉईडचं टी-३ हे हॉर्मोन कमी होतं, उष्णता कमी तयार होते, वर कातडीखालची चरबीही गेलेली, म्हणून स्वेटर. मुलं जन्माला घालायची ही वेळ नाही असं मेंदूच ठरवतो, वरून सिग्नल जाणंच कमी होतं, टेस्टोस्टेरॉन पडतं, आणि मग तू समोर आहेस की भिंत आहे याने त्याच्या शरीराला फरक पडत नाही. वाईट वाटेल हे वाचून पण मला वाटतं यातच तुला दिलासा आहे, तुझ्या दिसण्याचा, वागण्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. बायकांमध्ये तर हे कॅलेंडरवर दिसतं, माझी पाळी पहिल्या शोच्या आधी गेली ती शो झाल्यावर पाचव्या महिन्यात आली.

पल्सबद्दल. २०१३ मध्ये एका नॅचरल बॉडीबिल्डरवर पूर्ण १२ महिने केलेला अभ्यास छापून आला होता, ६ महिने तयारीचे आणि ६ नंतरचे. एकच माणूस, त्यामुळे सगळ्यांना तसंच लागू होईल असं नाही, पण इतक्या बारकाईने कोणी मोजलेलं क्वचितच मिळतं. त्याची चरबी १४.८ टक्क्यांवरून ४.५ वर आली. पल्स ५३ होता तो २७ झाला, हो, सत्तावीस. टेस्टोस्टेरॉन ९.२२ वरून २.२७ नॅनोग्रॅम, म्हणजे पावच राहिलं. ब्लडप्रेशर १३२/६९ चं १०४/५६. मूड किती बिघडलाय ते मोजायची एक प्रश्नावली असते, त्यात ६ चे ४३ झाले. आणि ही तयारी काही अडाणीपणाने केलेली नव्हती बरं का. म्हणून तुझा ३९ चा आकडा ऐकून मी उडाले नाही. पण "कोच म्हणतो नॉर्मल" हे मला अर्धंच पटतं. नेहमी दिसतं हे खरं. नेहमी दिसतं म्हणून तब्येतीला चांगलं असं थोडंच आहे.

आता एक गंमत बघ घरी. तो हल्ली हातवारे करून बोलतो का? मला खात्री आहे नाही करत. सोफ्यावर बसला की बसला, रिमोट हाताच्या अंतरावर असला तरी तुला मागतो, "हं" म्हणतो त्यातही मान हलवत नाही. तुला वाटतं तुसडा झालाय. प्रत्यक्षात शरीर नकळत प्रत्येक फालतू हालचाल कापतंय, पाय हलवणं, उठबस, उगाच घरभर फिरणं. दिवसभराच्या अशा बारीकसारीक हालचालींत बऱ्याच कॅलरी जातात आणि त्या तो ठरवून वाचवत नाहीये, त्या आपोआप वाचतात. मग वजन अडकतं, मग कोच कार्डिओ वाढवतो, मग सोफ्यावर अजून जास्त पडून राहतो. आणि कडक खुर्चीवर तो उशी घेऊन बसतो ना? बसायला जी गादी देवाने दिलेली असते तीच गेलीये, हाड टेकतं डायरेक्ट.

ते ३ वाजताचे व्हिडिओ. हा प्रकार मला सगळ्यात जवळचा, कारण मीही तेच केलंय, माझ्या फोनमध्ये तेव्हाचे केकचे दोनशेच्या वर स्क्रीनशॉट होते आणि मला गोड फारसं आवडतच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज नावाच्या शास्त्रज्ञाने ३६ धडधाकट तरुणांना, त्यांच्या संमतीनेच, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं, उपासमार झालेल्यांना परत कसं खायला घालायचं ते शिकायला. वजन साधारण चौथ्या हिश्श्याने उतरलं. आणि त्या पोरांचं काय झालं माहितीये, ती पाककृतीची पुस्तकं वाचायला लागली. ताटं चाटायची, एकेक जेवण तासभर पुरवायची, च्युइंगम चघळत बसायची, थंडी वाजायची, एकमेकांवर खेकसायची, पोरींमधला इंटरेस्ट गेला. ओळखीचं वाटतंय ना सगळं? तुझ्या घरी त्याचीच छोटी आवृत्ती चाललीये, फरक एवढाच की तुझा नवरा प्रोटीन भरपूर खातो, वजन उचलतो आणि अंगाला टॅन लावून स्टेजवर उभा राहणार आहे. भुकेलं शरीर झोपू देत नाही, त्याच्या दृष्टीने झोपणं म्हणजे अन्न शोधायची वेळ वाया घालवणं. वर दिवसभर पाणी ढोसतात ते वेगळंच, रात्री दोनदा बाथरूमला उठलं की मग झोप गेली ती गेलीच.

पीनट बटरवरून ओरडला ते चुकलंच त्याचं. कारण कळलं म्हणून माफ करायलाच पाहिजे असं काही नाही. फक्त तो अर्धा चमचा त्याच्यासाठी काय होता ते सांगते. बरणी काट्यावर ठेवायची, शून्य करायचं, चमचा काढायचा, उणे १२ दिसलं की थांबायचं. तो १२ ग्रॅमचा चमचा म्हणजे त्याच्या दिवसातली एकमेव गोष्ट जिची तो सकाळपासून वाट बघतो. तुझी बरणी वेगळी आण, आणि त्याच्यासमोर नको खाऊस असं मी अजिबात म्हणणार नाही, तू प्रेपवर नाहीयेस.

आता मला खटकलेली गोष्ट. ३ आठवड्यांत ४ किलो.

नॅचरल माणसाने आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का उतरावं असं साधारण मानतात. त्याचे पहिले १२ आठवडे बघ, ८४ चे ७५, म्हणजे आठवड्याला पाऊण किलो, एकदम मापात. मग अचानक आठवड्याला सव्वा-दीड किलो? तेही शेवटी? उलटं पाहिजे. सुरुवातीला चरबी भरपूर असते तेव्हा वेग परवडतो, जसजसा माणूस लीन होतो तसतशी चरबीतून रोज मिळू शकणारी एनर्जी कमी होत जाते, आणि उरलेली तूट शरीर मसलमधून भागवतं. १५ आठवडे राबून जे दाखवायचं तेच जाळायचं, याला काही अर्थ आहे का. बहुतेक कोचने किंवा त्यानेच घाबरून कार्ब काढले असतील आणि कार्डिओ डबल केला असेल, पहिल्या शोला सगळ्यांचं असं होतं, आरशात रोज वाटतं मी अजून जाडा आहे. यातलं थोडं पाणीही असेल, कार्ब काढले की ग्लायकोजनच्या, म्हणजे शरीरात साठवलेल्या कार्बच्या, प्रत्येक ग्रॅममागे जवळपास ३ ग्रॅम पाणी जातं. तरीसुद्धा. जिममध्ये तो उचलतो ती वजनं धडाधड खाली येत असतील तर ते मसल जायचं लक्षण धर आणि त्याला कोचशी याच आठवड्यात बोलायला सांग, खाणं थोडं वाढव म्हणून, हवं तर काही दिवस पूर्ण मेंटेनन्सवर, म्हणजे वजन आहे तिथेच राहील इतकं. ५ आठवडे आहेत अजून, काही बिघडत नाही. काटा वर जाईल, तो पॅनिक करेल, तू करू नकोस.

आणि पाणी बंद करण्याचं मात्र मी स्पष्ट सांगते, नाही. हा मूर्खपणा पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, की पाणी तोडलं की कातडीखालचं पाणी जाऊन कट, म्हणजे मसलच्या रेषा, उठून दिसतात. मसलचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, पाणी तोडलं की तेही सपाट होतात, पंप येत नाही म्हणजे मसल फुगत नाहीत, शिरा बुजतात, म्हणजे दिसायलाही वाईट आणि उभं राहायलाही. बॅकस्टेजला पायात गोळे येऊन जमिनीवर पडलेला मुलगा मी पाहिलाय, त्याच्या दोन्ही मांड्या दगडासारख्या झाल्या होत्या आणि त्याचा नंबर पुकारत होते. पाणी, मीठ रोजच्यासारखं, कार्ब जरासे वर, बास. आणि कोणी पाणी काढायची गोळी दिली, तर ती नॅचरलमध्ये बंदी असलेली आहेच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ती पोटॅशियमचं गणित बिघडवते आणि पोटॅशियमवर हृदयाचे ठोके चालतात. आधीच ३९ वर चाललेलं हृदय आहे ते. इथे तू नवऱ्याशी भांडलीस तरी मी तुझ्या बाजूने आहे.

थंडी, चिडचिड, झोप, इच्छा नसणं, उठताना क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी, हे सगळं त्रासदायक आहे पण अपेक्षित आहे. बेशुद्ध पडला, ठोके चुकल्यासारखे किंवा धडधडल्यासारखे वाटले, छातीत दुखलं, साधा जिना चढताना धाप लागली, चक्कर दिवसभर जाईना, लघवी गडद कोकसारखी झाली, किंवा लपून भरमसाट खाऊन उलट्या काढतोय असं दिसलं, "मला जगायचं नाही" असं काही बोलला, तर शो गेला खड्ड्यात, त्याच दिवशी डॉक्टर. तसंही माझं मत विचारशील तर आत्ताच एक ईसीजी आणि सोडियम-पोटॅशियमची रक्ताची टेस्ट करून घ्या, आणि डॉक्टरांना नीट सांगा की हा चार महिने डाएटवर आहे, नाहीतर ते पल्स बघून वा, ॲथलीट आहे म्हणून परत पाठवतील.

थांबवू का, विचारलंस. वरचं काही नसेल तर मी थांबवणार नाही. ५ आठवडे राहिलेत, स्वतःच्या मर्जीने उतरलाय, आता तू थांबवलंस तर पुढची दहा वर्षं तो किस्सा तुझ्या नावावर. मला तुझी काळजी शोच्या आधीची नाहीच वाटत, नंतरची वाटते, आणि तिच्याबद्दल तू एक ओळही लिहिली नाहीस कारण तुला कोणी सांगितलंच नाही. बऱ्याच कोचचा प्लॅन स्टेजवर संपतो.

माझ्या पहिल्या शोनंतरचं सांगते. त्या रात्री पिझ्झा, ठीक आहे, सगळेच खातात. दुसऱ्या दिवशी पण. तिसऱ्या दिवशी मला कळेना की पोट भरलंय की नाही, म्हणजे पोट दुखेपर्यंत भरलेलं आणि भूक तशीच. ११ दिवसांत साडेसात किलो. मोजे काढले की घोट्यावर खोल वळ, आणि नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडायचा तो हळूहळू भरून यायचा, मी बेडवर बसून तो खड्डा भरताना बघत रडायचे. लोक फोटो बघून अभिनंदन करत होते आणि मला जीन्स चढत नव्हती. यात माझी इच्छाशक्ती वगैरे कमी पडली नव्हती गं, लेप्टिन तळाला, भुकेचं हॉर्मोन छताला, शरीराचा कॅलरीचा खर्च कमी झालेला, आणि अचानक मीठ, कार्ब सगळं एकदम. शरीर दुष्काळ संपला म्हणून गोदाम भरायला धावतं, आणि आधी चरबीच भरतं. मिनेसोटाच्या पोरांचंही तेच झालं, चरबी आधी होती त्याच्याही वर गेली.

दुसऱ्या वेळी मी पुढच्या दोन महिन्यांचं खाणं शोच्या आधी लिहून फ्रिजला लावलं होतं. एक जेवण मोकळं, दुसऱ्या दिवसापासून वेळेवर जेवणं, प्रेपपेक्षा स्पष्ट जास्त, रोज चिमूट चिमूट वाढवत बसायचं नाही, सरळ वाढवायचं, कारण शरीराला चरबी परत हवीच आहे आणि ती द्यायचीच आहे. पहिल्या महिन्यात काही किलो वर जाणार हे आधीच कबूल केलेलं. काटा आठवड्यातून एकदाच. कार्डिओ एकदम बंद नाही, थोडा. आणि पुढचा शो लगेच नाही, हे महत्त्वाचं, कारण शो संपल्यावर जे रिकामं वाटतं ना ते भरायला लोक दोन महिन्यांत परत डाएट सुरू करतात, आणि ते शरीर अजून खड्ड्यातून वर आलेलं नसतं.

किती वेळ लागतो? त्या १२ महिन्यांच्या अभ्यासातल्या माणसाचा पल्स महिनाभरात २७ चा ४६ झाला, टेस्टोस्टेरॉन पूर्ण परत आलं, ताकद मात्र ६ महिन्यांनीही पूर्ण आली नव्हती. बायकांचं बघायचं तर फिनलंडमध्ये २७ फिटनेस स्पर्धक बायकांवरचा अभ्यास २०१७ मध्ये आला होता, चार महिने डाएट आणि नंतर ३-४ महिने सावरायला, बहुतेक गोष्टी जागेवर आल्या पण टी-३ आणि टेस्टोस्टेरॉन तेव्हाही कमीच होतं. तेव्हा शोच्या दुसऱ्या दिवशी तो पूर्वीसारखा होऊन तुला मिठी मारेल ही अपेक्षा ठेवू नकोस. हसणं, बडबड आधी परत येते, पोटात चार दिवस अन्न गेलं की. झोप त्यानंतर. जवळीक त्याच्याही नंतर, आणि ती यायला वेळ लागला तर परत स्वतःलाच आरशात बघत बसू नकोस. ३ महिन्यांनंतरही काहीच हालचाल नसेल तर रक्त तपासून घ्या.

बोलायचं असेल तर जेवण झाल्यावर अर्ध्या तासाने बोल, रात्री नको, आणि कार्डिओच्या आधी तर नकोच नको. पत्रातलं "दुसरं कोणी आहे का" हे त्याला विचारूच नकोस, "मला एकटं वाटतंय" हे सांग, ते खरंही आहे. आणि शोनंतरचा प्लॅन त्याच्याकडून याच रविवारी कागदावर लिहून घे, आत्ता भुकेलेला आहे तोवर, खाण्याबद्दल तो तासभर बोलेल बघ, एरवी दोन शब्द बोलत नसला तरी.

अंगठी तोवर गळ्यातल्या चेनमध्ये घालू दे किंवा ड्रॉवरमध्येच राहू दे. शोनंतरच्या आठवड्यात घालून बघेल तेव्हा कदाचित एकदम घट्ट बसेल, ते पाणी असतं, जबरदस्तीने ढकलू नकोस नाहीतर साबण लावून काढावी लागेल. १०-१२ दिवस थांबा, सूज उतरली की परत घालून बघा. सूज चढतच गेली किंवा धाप लागली तर डॉक्टर, आणि मला पण कळव.

— ताई